गाडग्यातलं गुंतवळ

“सुया घ्या गं, दाभण घ्याऽऽ... काळी पोत घ्याऽऽ... गुंतवळ द्या गं बाई, गुंतवळऽऽ...”

कवठे महांकाळच्या अलीकडं, ओढ्याकाठच्या माहेरगावी ही हाक राहीनं ऐकली, तेव्हा तिला नीट परकरही नेसता येत नव्हता. डोक्यावर पाटी आणि काखेत झोळी घेऊन वैदीण गल्लीत शिरली, की घराघरातल्या बाया भिंतीच्या भोकातनं, वळचणीतनं केसांची भेंडोळी काढून आणायच्या. विंचरताना गळालेले, फणीत अडकलेले केस; बोटाभोवती गुंडाळून, वर थुंकून खोचून ठेवलेले. केस उघड्यावर टाकायचा नसतो. कुणाच्या पायदळी जातो, कुणाच्या हाती लागतो. मूठभर गुंतवळ दिलं की वैदीण दोन सुया द्यायची. जास्त असलं तर मण्यांची माळ.

राहीची आई रंगूबाई मात्र हाक ऐकली की दार लोटून घ्यायची.

“साठवून काय नाडा वळतीस व्हय गं, रंगूबाई?” वैदीण दाराबाहेरनं हसून विचारायची.

“वळीन न्हाईतर पुरीन. तू फुडं हो.”

आत कोनाड्यात एक गाडगं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. राही सासरी जाईपर्यंत तिचा गळालेला एकूण एक केस त्या गाडग्यात गेला. का, ते तिनं कधी विचारलं नाही. घरात चूल असते, जातं असतं, तसं ते गाडगं होतं.

त्या गाडग्याची तिला आठवण व्हावी असं काही पुढं बरीच वर्षं घडलं नाही. मग पंचेचाळीस सालच्या आषाढात तिला ज्वर आला.

तेव्हा ती सासरी होती, वडूजपासून कोसभर, येरळेच्या काठी. एकवीस दिवस ताप उतरेना, तेव्हा बैलगाडीत घालून रहिमतपूर ठेसन आणि तिथनं आगगाडीनं मिरज. मिरजेच्या दवाखान्यात दीड महिना काढला. जीव वाचला, पण घरी यायच्या आधीच उशीवर केस दिसायला लागले. आधी चार, मग झुपका. एका सकाळी ती उठून बसली आणि अर्धी वेणी उशीवरच पडून राहिली. भादवा लागला तोवर डोकं घासलेल्या तांब्यासारखं झालं होतं. भुवया राहिल्या, पापण्या राहिल्या. डोईवर लव म्हणून नाही. “येतील,” डॉक्टर म्हणाले होते. “काहींचे येतात, काहींचे नाही येत.” दसरा गेला, दिवाळी गेली. आले नाहीत.

सासू हरणाबाई वाईट बाई नव्हती. तिनं एरंडेल चोळून बघितलं, कांद्याचा रस बघितला, माक्याचं तेल काढून आणलं. पण डोईवर केस नसलेल्या बाईचा गावाला एकच अर्थ ठाऊक होता, आणि राहीचा नवरा सयाजी तर पलटणीत होता, लढाईवर. लाल कुंकवाच्या वर ते बोडकं डोकं बघून बायांच्या नजरा खाली जायच्या. मार्गशीर्षात शेजारी ओटी भरायचा कार्यक्रम झाला, पाच सवाष्णी बोलावल्या, राहीला बोलावणं आलं नाही. तिनं पदर पुढं ओढला आणि दळत बसली.

अशात सयाजीचं पत्र आलं. लढाई संपली, पलटण मुलखात परत आली, शिमग्याच्या आत सुट्टीवर येतो.

बेचाळीसच्या सुट्टीत त्यानं तिची वेणी तळहातावर तोलून बघितली होती. “एवढं वझं पाठीवर हाय, वर आनि कळशी कशी उचलतीस गं?” म्हणून हसला होता. इतक्या वर्षांत नवऱ्याचं म्हणून तिच्याजवळ तेवढं एकच वाक्य होतं. तिनं ते मोडीच्या कागदासारखं जपून ठेवलं होतं.

“पोरी, मला तू हाईस तशी हाईस,” हरणाबाई चुलीपाशी बसून म्हणाली. “पन त्यो पाच वरसं तोफंच्या तोंडाम्होरं काढून येतोय. उंबऱ्यात पाय ठेवताना बोडकी आडवी आली, तर त्याच्या काळजाचं काय हुईल? आनि भावकी तर आत्ताच म्हनतीया, दुसरी बघून ठेव.”

राहीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. दुसरीचं तिला भय होतंच, पण त्याहून मोठं भय वेगळं होतं. तो येईल, समोर बघेल आणि आपल्याला ओळखणारच नाही.

शाळामास्तरांनी सुचवलं, सांगलीला नाटकवाल्यांचे टोप करणारा एक म्हातारा आहे. संक्रांत झाल्यावर रंगूबाई लेकीला माहेरी घेऊन गेली आणि एक दिवस अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीनं मिरज, मिरजेहून टांग्यानं सांगली, अशा दोघी तात्याबाच्या दुकानी पोचल्या.

दुकान म्हणजे हळदीच्या वखारींमागची एक खोली. खिडकीच्या गजांवर हळदीची धूळ बसलेली. फळीवर लाकडी डोकी ओळीनं मांडलेली, प्रत्येकाच्या गळ्यावर खडूनं नटाचं नाव. तात्याबा सत्तरीचा, जाड भिंगांचा चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. त्यानं उभ्या जन्मात बायकांचे केस केले, पण डोकी सगळी बाप्यांची. नाटकात बाईचं सोंग बाप्याच घ्यायचा. खरी बाई त्याच्या पाटावर आज पहिल्यांदाच बसत होती.

“बसा माय, लाजू नगा,” तो म्हणाला. “ह्या पाटावर लय राण्या बसून गेल्या. जाताना इडी पेटवून गेल्या.”

त्यानं एकेक टोप उतरवून रंगूबाईच्या हाती द्यायला सुरुवात केली. स्वतः लेकीच्या डोक्याला हात लावायला तो धजेना.

“ही सुभद्रा. ही रुक्मिणी, पन हिला घाम लय यायचा. आनि ही वनवासातली सीता, म्हनून जरा इस्कटल्याली.”

राही हसली. किती महिन्यांनी हसली, तिचं तिलाच नवल वाटलं. पण आरशात बघितलं की हसू विरायचं. दर खेपेला आत वेगळीच कुणी बसलेली असायची. सुंदर असायची, पण कुणाची तरी असायची. आणि प्रत्येकीच्या आत बाप्याच्या घामाचा, डिंकाचा, रंगाचा वास.

तिनं सीता उतरवून ठेवली. “मला माझी केसं पायजेत.”

“ती आता कुठनं आनायची, माय?”

राहीनं आईकडं बघितलं. “आई, गाडगं हाय न्हवं?”

रंगूबाई दाराशी बसली होती. “उंदरांनी खाल्लं आसंल.”

“सकाळी तर म्या कोनाड्यात बघितलं.”

“जुनी केसं कशाला घालायची डोक्यावर? ह्यातलाच एक घे. सुभद्रा लय साजती तुला.”

“आई!”

रंगूबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनंच गाडगं पदराखाली धरून आणलं आणि तात्याबासमोर ठेवलं. ठेवून हात मात्र गाडग्यावरनं काढला नाही, तात्याबानं हलकेच ओढून घेईपर्यंत.

गुंतवळाचा टोप करायचा म्हणजे किचकट काम. केसाला मुळाकडची बाजू असते, शेंड्याकडची असते. गुंतवळात ती उलटसुलट होते. तशीच ओवली तर केस एकमेकांत अडकून बसतात. म्हणून एकेक केस सोडवून चिमटीत धरायचा आणि बोटांनी चोळायचा. चोळला की तो आपणहून एका बाजूला सरकतो, आणि सरकतो ते मुळाच्या बाजूला. तात्याबाला हे इतकं सवयीचं होतं, की बोलता बोलता बोटं चालायची. “बारा दिसांनी या,” तो म्हणाला.

बाराव्या दिवशी दोघी गेल्या, तेव्हा पाटावर पांढऱ्या फडक्यात दोन जुड्या ठेवलेल्या होत्या.

“बाई,” तात्याबा रंगूबाईला म्हणाला, “तुमच्या गाडग्यात दोन डोकी निघाली.”

खिडकीतनं ऊन येत होतं. त्यानं एकेक केस उन्हात धरून दाखवला. एक गोल, सरळ, काळाभोर. दुसरा जरा चपटा, म्हणून लाट खाणारा, आणि उन्हात काकवीसारखा तांबूस. “वयानं केस बदलतो. पन त्याची जात बदलत न्हाई. ही दोघींची केसं हायत.”

राहीला त्यात काही वावगं दिसलं नाही. ती जुळ्यातली होती. रंगूबाई पोटुशी असताना नणंदेनं, म्हणजे हरणाबाईनंच, तिच्या पोटाला कुंकू लावलं होतं: लेक झाली तर माझ्या सयाजीची. झाल्या दोन. आधी आली ती राही, तिला कुंकू लागू झालं. घटकेनं मागनं आली ती साळू, तिच्या नावचं काहीच ठरलेलं नव्हतं. दोघी इतक्या सारख्या, केसांतला फरकही उन्हात धरल्याशिवाय कळू नये, की आत्यानं राहीच्या हातात चार हिरव्या बांगड्या भरल्या, आपली कुठली ते कळावं म्हणून. चार वर्षांच्या असताना गावात पटकी आली आणि साळू गेली. राहीला बहिणीचं तोंडही आठवत नव्हतं. आठवायचं तर आरशात बघायचं, असं ती लहानपणी म्हणायची.

“माझी भन व्हती,” ती तात्याबाला म्हणाली. “चार वरसांची गेली. आईनं दोघींचं एकातच ठिवलं आसंल.”

“चार वरसांची?” तात्याबानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. दुसऱ्या जुडीतला एक केस चिमटीत धरून त्यानं हात लांब केला. केस कोपरापासनं बोटांच्या टोकापर्यंत पोचला.

“चार वरसांच्या पोरीचा केस वीतभर. ह्यो हातभर हाय. आनि असला एक न्हाई, निम्मी जुडी असली हाय. वीतभर हाय, दीड वीत हाय, दोन वीत हाय. पंधरा वरसं रोज विंचरल्यागत समदी वयं हायत हितं.”

बाहेर हळदीची पोती उतरवणाऱ्या हमालांचा आवाज येत होता. तो थांबल्यासारखा वाटला.

“वढून वाढलं आसतील,” रंगूबाई म्हणाली.

“केस वढून वाढत न्हाई, बाई. तुटतो.”

रंगूबाईनं पदराचं टोक दातात धरलं आणि भिंतीकडं बघत राहिली. तात्याबा राहीकडं वळला. “एका जुडीचा टोप इरळ हुईल. दोन्ही घातल्या तर दाट, जसा व्हता तसा. तुमी सांगा. तुमच्या डोक्याचं हाय.”

राहीनं दोन्ही जुड्यांवरनं बोटं फिरवली. तांबूस केस ऊन खाऊन कोमट झाले होते.

“दोन्ही घाला,” ती म्हणाली. “ती काय परकी हाय व्हय?”

*

माघाच्या सुरुवातीला टोप झाला. जाळीत आकडीच्या सुईनं एकेक केस ओवून गाठ मारलेली. डोक्याचं माप रंगूबाईनं दोऱ्यानं घेऊन दिलं होतं, गाठी मारून: कानापासनं कानापर्यंत एक, कपाळापासनं मानेपर्यंत एक. चढवायच्या वेळी तात्याबा भिंतीकडं तोंड करून बसला आणि तसाच सांगत गेला.

“आदी कपाळावर टेकवा. आता मागं न्या, हळू. कानाम्हागं डिंकाचं बोट. कानशिलावर एक एक. म्हागची नाडी आवळा, पन फास नगं. आता तळहात दाबून शंभर मोजा.”

रंगूबाईनं मोजायला सुरुवात केली. साठापर्यंत मोजलं आणि तळहात उचलून घेतले. उरलेले राहीनं स्वतः दाबून मनात मोजले.

मग तिनं आरसा हातात घेतला. या वेळी आत दुसरी कुणी नव्हती. आषाढाआधीची राही होती, कानामागं बट आलेली, मानेवर सावली पडलेली. तिनं वेणी पुढं ओढून तळहातावर ठेवली. वजन तेवढंच होतं. तिला रडू आलं, आणि रडताना डोकं हललं, तरी टोप हलला नाही.

आरशात मागं रंगूबाई दिसत होती. ती दोन पावलं मागं सरली होती.

“रोज उतरवायचा बरं का, माय,” तात्याबा भिंतीला म्हणाला. “डोक्याला वारा लागू द्यायचा. कोमट पान्यानं डिंक सुटतो.”

सासरी आल्यावर हरणाबाईनं तिला दारातच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. “माझी पैली राही आली,” म्हणाली, आणि कानशिलावर बोटं मोडली. त्या आठवड्यात दोन घरची हळदीकुंकवाची बोलावणी आली. राही पदर मागं सारून गेली.

रोज संध्याकाळी ती टोप उतरवायची आणि माजघरात पाटावर कळशी पालथी घालून तिच्यावर चढवून ठेवायची. मधोमध भांग पाडून ठेवायची, तिची ती सवयच होती. चौथ्या की पाचव्या सकाळी तिला भांग डाव्या बाजूला सरकलेला दिसला. मांजर फिरलं असेल म्हणून तिनं फणीनं सारखा केला. दुसऱ्या सकाळी परत डाव्या बाजूला. सरळ, रेघेसारखा, फणीच्या टोकानं पाडावा तसा.

तिनं सासूला विचारलं. “आत्या, तुमी टोपाला हात लावला व्हता?”

“मी कशाला लावू, बाई? मला तर त्याच्याकडं बघायला बी कसंतरी हुतं.”

मग फणीत केस यायला लागले. रोज थोडे, एका बोटाभोवती वेटोळं होईल एवढे. तात्याबाच्या गाठी सुटल्या असतील म्हणून तिनं टोप उलटा करून उजेडात जाळी तपासली. एक गाठ सुटलेली नव्हती. टोप विरळही होत नव्हता. आणि गळालेले केस सगळे तांबूस, लाट खाणारे. तिनं ते टाकले नाहीत. आईसारखंच भिंतीच्या भोकात खोचून ठेवले.

ती अडाणी होती, पण घाबरट नव्हती. नवऱ्याच्या मागं पाच वर्षं तिनं औत हाकलं होतं, भरल्या येरळेतनं शेळ्या काढल्या होत्या. तिनं विचार केला, आपल्या पाठीला पाठ लावून आलेली ती. तिला कुणी विंचरलं नाही, न्हाऊ घातलं नाही. तिला आता विंचरून घ्यावंसं वाटलं, तर आपलं काय जातंय? त्या दिवसापासनं सकाळी ती दार लोटून घ्यायची, टोप मांडीवर घ्यायची आणि आई म्हणायची ती ओवी हलक्या आवाजात म्हणत विंचरायची:

जाईच्या गं येलीवरी, दोन कळ्या एका देठी
एक देवानं खुडली, एक लागली माझ्या पाठी

तेल मुरायचं. वाटीभर घातलं तरी मुरायचं. भांग तिनं डावीकडंच पाडायला सुरुवात केली.

माघ सरत आला, तेव्हा वेणीच्या टोकाशी तिला तांबूस केस काळ्यांपेक्षा लांब दिसले. तात्याबानं दोन्ही एका रेषेत कापलेले होते. तिनं बोटं लावून मोजलं. चार बोटं. आठ दिवसांनी मोजलं, वीत.

मग कडीची गोष्ट झाली. परड्यातलं दार लावताना एक बट कडीत अडकली. तिनं घाईत ओढली, आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुखलं होतं. जाळीला गाठ मारलेला केस. खाली कातडीला कुठंच चिकटलेला नाही. तिनं परत ओढून बघितला, हळूच.

दुखलं.

ती उंबऱ्यावर बसली. अंगणातनं हरणाबाईनं हाक मारली, “राहेऽ...” आणि तिच्या ध्यानात आलं, की ऐकू यायच्या आधीच आपली मान वळली होती. हाक कानांआधी केसांना कळली होती. आठवून बघितलं, तर गेले कित्येक दिवस असंच होत होतं.

*

सयाजी यायच्या आदल्या दिवशी रंगूबाई शिदोरी घेऊन आली. माजघरात शिरली आणि पाटावरल्या कळशीपाशी थबकली. केस पाटावरनं उतरून जमिनीला टेकले होते.

“तिला इंचरतीस तू?” तिनं विचारलं.

“तिला” म्हणाली ती. राहीनं ते ऐकलं.

“इंचरती. का?”

“उद्या घालू नगंस. हाय तशी हो त्याच्या म्होरं.”

“म्होरं जायाला केसं पायजेत म्हनून तर एवढं केलं. तूच गाडगं दिलंस.”

 रंगूबाईनं शिदोरीची गाठ सोडायला घेतली आणि ती सुटेपर्यंत मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ज्वारीची काढणी चालली होती. हरणाबाई सकाळीच रानात गेली. दुपारची मोटार वडूजला येते, तिथनं चालत यायला तासभर. राहीनं न्हाऊन लुगडं नेसलं, टोप चढवला, कुंकू लावलं, आरसा घेतला.

आरशातली देखणी होती. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. राहीनं आपल्या ओठांना बोट लावून बघितलं. ते मिटलेले होते.

तिच्या मनात एकच आलं. तो वेणी तळहातावर घेईल. हसेल. पण कुणाची घेईल?

तिनं कोमट पाणी घेतलं. डिंक सुटला, पण टोप सुटेना. दात आवळून, बोट बोट करत तिनं तो सोडवला. डोकं पेटल्यासारखं झालं. कानशिलावर रक्ताचे दोन थेंब आले, ते तिनं पदरानं टिपले. टोप कळशीवर ठेवला, भांग डावीकडं सारखा केला.

“रागावू नगंस,” ती म्हणाली. “माझा दादला हाय त्यो.”

माजघराचं दार ओढून ती सोप्यात आली. रंगूबाई खांबाला टेकून बसली होती. तिनं लेकीकडं बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल पडला.

बूट वाजले. खाकी कपडे, खांद्यावर ट्रंक. सयाजी रापला होता, एक पाय जरा ओढत होता. त्यानं ट्रंक उतरवली, मामीच्या पायाला हात लावला आणि मग तो राहीसमोर उभा राहिला.

राहीनं पदर खाली सोडला.

तो बघत राहिला. कोंबडी ओरडली. दूर रानात कुणी पाखरं हाकत होतं.

“ज्वर आला व्हता,” ती म्हणाली. “पत्रात लिवलं न्हाई आमी.”

सयाजीनं डोक्यावरली टोपी काढली. पलटणीतलं बारीक कापलेलं डोकं, मधोमध जखमेचा पांढरा व्रण. “आयला,” तो म्हणाला, “मला वाटलं, माझ्या आदी दुसराच रंगरूट भरती झालाय घरात.”

ती हसली की रडली, तिला कळलं नाही. त्यानं हात पुढं केला आणि खरखरीत तळवा तिच्या उघड्या टाळूवर ठेवला. ठेवून तसाच राहू दिला.

“जीव ऱ्हायला न्हवं? लय झालं. तिकडं मी लय डोकी बघितली, केसासकट पडल्याली.” मग हळूच, “तूच हाईस. डोळं तेच हायत.”

तूच हाईस. एवढंच तिला हवं होतं.

“पाय धुतो आदी,” म्हणत तो अंगणातल्या धुण्याच्या दगडाकडं गेला. राही आईशेजारी टेकली.  बाहेर तो बुटाच्या नाड्या सोडत होता आणि गुणगुणत होता.

“राहे,” त्यानं हाक मारली, “तांब्या आन गं.”

राहीनं तोंड उघडलं.

“आले,” माजघरातनं आवाज आला.

आवाज राहीचाच होता. तिच्या गळ्यातनं आला नव्हता.

अंगणात तो गुणगुणतच होता.

आत रांजणावरलं झाकण निघालं. तांब्या पाण्यात बुडाला.

राही उठायला लागली. रंगूबाईनं तिचं मनगट धरलं. त्या हाडकुळ्या हातात एवढं बळ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“बस,” रंगूबाई म्हणाली. ती दाराकडं बघत नव्हती, लेकीकडंही बघत नव्हती. “पटकीत थोरली गेली. घरात मी एकलीच व्हते. तिच्या हातातल्या बांगड्या काढल्या आनि तुझ्या हातात चढवल्या. समद्यांस्नी सांगितलं, साळू गेली. कुंकू एकाच पोरीच्या नावचं व्हतं गं, एकीला तरी घर मिळावं म्हनून.” माजघराचं दार आतनं हळूच लोटलं गेलं. रंगूबाईनं डोळे मिटले. “हाक तिला आलीया. जाऊ दे तिला. राही ती हाय. तू माझी साळू.”